युनियन, पगार आणि वाढत गेलेली दरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकण पट्ट्यात मी तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या विभागात, काम करतोय. त्यातली सतरा वर्षं युनियनच्या कमिटीवर आहे, चार वेतनकरारांवर माझी सही आहे. अभ्यासवर्गात, गेटसभेत, गावाकडे जत्रेला गेलो तर तिथेही लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. दरवेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून ही उत्तरं सवडीने लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, कारण ती थोडक्यात सांगितली की खोटी वाटतात.

युनियनमुळे विषमता खरंच कमी होते, की नुसता सभासदांचा पगार वाढतो?

पगार कसा वाढवून घेतला जातो, यावर ते ठरतं. एक हिशेब करून बघा. एकाचा पगार ६० हजार, दुसऱ्याचा २० हजार. १०% वाढ दिली तर पहिल्याला सहा हजार मिळतात, दुसऱ्याला दोन. दोघांमधलं अंतर ४० हजारांवरून ४४ हजारांवर गेलं. तेच आठ हजार दोघांना सरसकट चार-चार वाटले, तर अंतर वाढत नाही आणि खालच्याच्या ताटात दुप्पट पडतं. कंपनीच्या खिशातून दोन्ही वेळा आठच हजार जातात. व्यवस्थापन बहुतेक वेळा टक्क्यांची भाषा बोलतं आणि युनियन सरसकटचा हट्ट धरते, त्यामागे हे कारण आहे. युनियन नसते तिथे वाढ एकेकाला केबिनमध्ये बोलावून ठरते, आणि शेजारच्याला किती मिळाली हे कुणालाच कळत नाही.

हे फक्त आमच्या शेडपुरतं खरं नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रगत देशांचा १९८० ते २०१० चा अभ्यास मांडला. त्या तीस वर्षांत वरच्या १०% लोकांचा उत्पन्नातला वाटा जेवढा वाढला, त्यातली साधारण निम्मी वाढ त्यांनी युनियनची सभासदसंख्या घटण्याशी जोडली. नाणेनिधी ही काही कामगारांची बाजू घेणारी संस्था म्हणून ओळखली जात नाही, म्हणून मी हा दाखला आवर्जून देतो. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या मध्यात तीन कामगारांमागे एक युनियनमध्ये होता, आज दहामागे एक आहे.

शिवाय संघटनेने मिळवलेल्या बऱ्याच गोष्टी सभासद नसलेल्यांनाही मिळतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली, मागण्यांवर हजारोंच्या सह्या गोळा केल्या आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. ती सुट्टी आज सगळेच घेतात.

आपल्या देशात विषमता नेमकी किती वाढली?

अर्थतज्ज्ञ थॉमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या १% लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६% आणि संपत्तीचा ४०.१% वाटा होता. खालच्या निम्म्या लोकसंख्येला मिळून उत्पन्नातला १५% च्या आसपास वाटा मिळतो. वरच्या १% चा हा वाटा ब्रिटिश अमदानीतल्या वाट्यापेक्षाही जास्त असल्याचं ते सांगतात.

याच मालिकेतला मागचा एक आकडा माझ्या मनातून जात नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या १% चा उत्पन्नातला वाटा जेमतेम ६% होता. शंभर वर्षांतला तो नीचांक. म्हणजे १९८२ मध्ये मुंबईतला गिरणी संप झाला तेव्हा या देशात वरच्यांचा वाटा सगळ्यात कमी होता, आणि तिथून तो चढतच गेला. एका संपामुळे हे सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण कामगारांचं वजन उतरणीला लागलं आणि दरी चढणीला लागली, त्याचा काळ एकच आहे.

१९८२ च्या संपाने गिरण्या बुडवल्या, मग युनियनचं कौतुक कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो माझ्या घरातला आहे.

वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, बदलीवर होते. बदली म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणाचा खाडा पडला, तर त्याच्या जागी त्या पाळीपुरतं आत घेतलं जायचं. कुणाचाच खाडा नसेल तर डबा तसाच घेऊन खोलीवर परत. वडील अकरा वर्षं बदलीच होते. आई सांगायची, डबा भरलेला परत आला की त्या दिवशी कुणी कुणाशी बोलायचं नाही.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून काही गिरण्यांत काम थांबलं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड धंद्यात एकच प्रातिनिधिक संघटना मानली जायची, ती म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांना ती आपली वाटत नव्हती, पण बदलताही येत नव्हती. इंजिनिअरिंग कारखान्यांत कामगार नेते डॉ. दत्ता सामंत मोठमोठे करार करून देत होते. एके काळी मुंबईत गिरणी कामगाराच्या पगाराला मान होता. आता त्याच चाळीतला मोटार कारखान्यातला शेजारी त्याच्या पुढे निघून गेला होता. १८ जानेवारी १९८२ पासून सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करा ही होती, आणि आमची संघटना आम्हाला निवडू द्या ही होती. या तिसऱ्या मागणीचा उल्लेख आता फारसा होत नाही. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तो संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. कामगार हरले, त्यात शंका नाही. डॉ. सामंतांनी माघारीचा रस्ता ठेवला नाही, हेही खरं. पण गिरण्या संपाने बुडाल्या म्हणणाऱ्यांनी आधीची वर्षं बघावीत. बऱ्याच मालकांनी यंत्रं बदलण्यात पैसा घातला नव्हता, काहींनी नफा दुसऱ्या धंद्यांत वळवला होता, आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेणं केव्हाच सुरू झालं होतं. संपाच्या काळात ते काम आणखी तिकडे गेलं आणि परत आलं नाही. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीच्या विक्रीला वाट करून दिली. सुताच्या भावापेक्षा जमिनीचा भाव मोठा झाला. सुमारे ६०० एकर जमीन, तीही मुंबईच्या मध्यात.

आम्ही पाटण तालुक्यातल्या गावी परत गेलो. वडिलांनी पुन्हा मुंबईचं नाव घेतलं नाही.

जागतिकीकरणाने युनियनचं नेमकं काय बिघडवलं?

ज्याच्याशी भांडायचं, तो समोर राहिला नाही.

पूर्वी मालक मुंबईत असायचा, निदान त्याचा मॅनेजर तरी निर्णय घ्यायचा. आज माझ्यासारखा कामगार सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत असतो. ती कंपनी मोठ्या कंपनीला पार्ट पुरवते, मोठ्या कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या देशात असतं, आणि ती पुरवठादाराला दरवर्षी पार्टची किंमत कमी करून मागते. हे करारातच लिहिलेलं असतं. स्टीलचा भाव कमी करणं पुरवठादाराच्या हातात नाही, विजेचं बिल नाही. त्याच्या हातात राहते फक्त मजुरी. आम्ही मागणीपत्र देतो त्याला, आणि आमचा पगार ठरतो हजारो मैलांवरच्या खरेदी विभागात. तिथे कामगारांचा माणूस बसत नाही.

दुसरी गोष्ट धमकीची. भिवंडी मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर होती, तरी तिने गिरणगाव मोकळं केलं. आता तोच खेळ देशादेशांत चालतो. करार तापला की कुणीतरी हळूच म्हणतं, ही लाइन दुसऱ्या राज्यात नेता येईल. न्यावी लागतच नाही, नुसतं म्हटलं तरी टेबलावरचा आकडा खाली येतो. भांडवलाला पाय आहेत. कामगाराची मुलं मात्र जवळच्या शाळेत असतात आणि खोलीचं कर्ज पंधरा वर्षांचं असतं.

याचा परिणाम आकड्यांतही दिसतो. संघटित कारखान्यांत जी मूल्यवृद्धी होते, म्हणजे कच्च्या मालाच्या किमतीवर जी भर पडते, तिच्यातला मजुरीचा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ३०% च्या आसपास होता. पुढच्या तीस वर्षांत तो निम्म्यावर आणि त्याच्याही खाली आला. कामगाराचं उत्पादन वाढलं, वाटा घटला.

पण याच जागतिकीकरणाने चाकणला कारखाने आणले ना?

आणले. चाकणची ओळख कांद्याच्या बाजाराची होती. आज तिथे गाड्या बनतात आणि मराठवाडा-विदर्भातल्या हजारो मुलांची चूल त्यावर पेटते, माझीही पेटली. जगाचा हिशेब मांडला तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत चीन, भारत, व्हिएतनाममधल्या कोट्यवधी लोकांचं उत्पन्न वाढलं, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. कारखाना येऊच नये असं कोणताही कामगार म्हणत नाही. आलेल्या कारखान्यात वाटणी कशी व्हावी, एवढाच आमचा प्रश्न आहे, आणि तो विचारला की विकासाचा विरोधक ठरवलं जातं.

कंत्राटी कामगारांसाठी युनियन काय करते?

याचं खरं उत्तर देताना मला त्रास होतो. बहुतेक ठिकाणी फार काही करत नाही.

आमच्या लाइनवर एकाच प्रेसवर दोघं असतात. एक पत्रा लावतो, दुसरा पार्ट काढून तपासतो, आणि तासाभराने जागा बदलतात. परमनंटचा शर्ट निळा, कंत्राटी मुलाचा राखाडी. मशीन तेच, धोका तोच, तेलाने काळे झालेले हातमोजे तसेच. महिन्याच्या शेवटी निळ्या शर्टाच्या पगारात राखाडी शर्टाचे तीन पगार बसतात. सात महिने झाले की राखाडी शर्टाला ब्रेक मिळतो. थोड्या दिवसांनी तोच मुलगा दुसऱ्या ठेकेदाराच्या गेटपासवर पुन्हा त्याच प्रेसवर उभा असतो. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कामगाराला सलग सेवेचं कायदेशीर संरक्षण मिळतं; ते भरू नयेत, यासाठी ही व्यवस्था आहे. मला दरवेळी वडिलांचा भरलेला डबा आठवतो. बदलीचं नाव तेवढं बदललं.

देशभरातल्या नोंदणीकृत कारखान्यांत कंत्राटी कामगारांचं प्रमाण २००० च्या सुमारास २०% होतं, आता ४०% च्या वर आहे. एवढ्या वर्षांत आम्ही युनियनवाले काय करत होतो? आम्ही करार करत होतो. माझी सही असलेल्या दुसऱ्या करारात परमनंटना चांगली वाढ मिळाली, आणि त्याच करारात आम्ही नवी भरती ठेकेदाराकडून करायला मूक संमती दिली. तसं कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण टेबलावरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. त्या रात्री पेढे वाटले गेले आणि मीही खाल्ले. त्याचं ओझं आजही आहे.

तेव्हा आम्ही आमच्या वाढीचं बिल राखाडी शर्टावर टाकलं होतं. भिंतीच्या आतल्या चारशे लोकांची दरी मिटवली, आणि भिंतीच्या दोन बाजूंमधली वाढवली. युनियन विषमता कमी करते ती तिच्या सभासदत्वाच्या हद्दीपर्यंतच. ती हद्द आम्ही निळ्या शर्टापाशी आखली, ही आमची चूक.

आणि व्यवहारानेही ती महाग पडली. परमनंट दरवर्षी निवृत्त होतात, नवे येत नाहीत. आज संप केला तर कंत्राटी मुलांवर लाइन चालू राहते. मग आमच्या संपाला घाबरणार कोण?

‘समान कामाला समान वेतन’ कायद्यात आहे ना?

आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत म्हटलं होतं की कंत्राटी कामगार कायम कामगारासारखंच काम करत असेल तर वेतन आणि सवलती तशाच हव्यात. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये पंजाब सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लागू केलं.

पण ‘तेच काम’ हे सिद्ध कुणी करायचं? तर ज्याचा गेटपास उद्या रद्द होऊ शकतो, त्या मुलाने. २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात न्यायालयाने हेही सांगितलं, की एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून तिथले कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाहीत. त्यामुळे एकट्याने दाद मागितली तर न्याय मिळेपर्यंत नोकरी जाते. परमनंटच्या युनियनने त्याच्या बाजूने उभं राहून नोंदी दिल्या, साक्ष दिली, तरच त्या कायद्यात जीव येतो.

श्रीमंतांची कमाई पगारातून नसतेच. मग पगार वाढवून दरी कशी मिटणार?

बरोबर बोट ठेवलंत. वरच्या १% ची कमाई मुख्यतः मालकीतून येते: शेअर, जमीन, नफा. पगारवाढीने खालचा माणूस वर येतो, पण वरच्याचा वेग कमी होईलच असं नाही.

२०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातल्या कामगारांनी ५० दिवस काम बंद ठेवलं होतं. त्यांच्या मागण्यांत एक वेगळी मागणी होती: कंपनीचे शेअर आम्हाला एक रुपया दराने द्या. तेव्हा बऱ्याच लोकांना ती हास्यास्पद वाटली, आणि ती मान्यही झाली नाही. मला ती गेल्या वीस वर्षांतली या पट्ट्यातली सगळ्यात शहाणी मागणी वाटते. वाढलेल्या किमतीत कामगाराचाही हात आहे, हे तिने सरळ म्हटलं. बाकी संपत्तीवरचा कर, सरकारी शाळा, सरकारी दवाखाना, या गोष्टी एका कारखान्याच्या करारात बसत नाहीत. त्या राजकारणातून येतात, आणि तिथे कामगारांचा आवाज पोचवणं हेही युनियनचंच काम आहे.

पुढारी विकले जातात, मग वर्गणी कशाला द्यायची?

काही विकले जातात, मी पाहिलेत. ठेकेदारीचं काम स्वतःच्या भावाच्या नावावर घेणारा कमिटी मेंबर पाहिलाय. त्यावर उपाय साधे आहेत आणि ते सभासदांच्या हातात आहेत. दरवर्षी हिशेब फलकावर लावायला लावा. निवडणूक गुप्त मतदानाने घ्या. करारावर सही होण्याआधी मसुदा सर्वसाधारण सभेत वाचला गेलाच पाहिजे. आणि कमिटीवर एकच माणूस दहा वर्षं ठेवू नका. मी सतरा वर्षं आहे, हे योग्य नाही. पुढच्या निवडणुकीला मी उभा राहणार नाही.

नव्या श्रम संहितांनी काय बदललं?

२९ जुने कायदे मिळून चार संहिता झाल्या आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कामगाराने लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा.

कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी घ्यायची अट आधी १०० कामगारांच्या कारखान्याला होती, आता ती ३०० पासून आहे. आमच्या पट्ट्यातले बहुतेक पुरवठादार या रेषेच्या खाली आहेत. संपासाठी आता सगळ्याच उद्योगांत १४ दिवसांची नोटीस लागते, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. अर्ध्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप धरला जातो.

मुदतीच्या नेमणुकीला राजमान्यता मिळाली. अशा कामगाराला कायम कामगाराएवढं वेतन आणि एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी आहे, ही जमेची बाजू. मुदत संपली की नोकरी संपली, ही दुसरी. मुदत वाढवून मिळेल का याची वाट पाहणारा माणूस युनियनच्या अर्जावर सही करत नाही.

ज्या संघटनेकडे ५१% कामगार तिला वाटाघाटीचा हक्क मिळतो, तसं कुणीच नसेल तर संघटनांचं मिळून मंडळ बनतं. गिरणी कामगारांची तिसरी मागणी आठवा. या तरतुदीत तिचा अंश आहे आणि तिचा उपयोग करून घेतला पाहिजे. पण संघटनास्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांबद्दलचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने अजून मंजूर केलेले नाहीत, हेही विसरू नका.

ज्यांना एक ठरलेला मालकच नाही, त्यांची युनियन कशी होणार?

याचं उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे, आणि त्याचं मोल आपल्यालाच कळत नाही.

बाजारातला हमाल सकाळी एका गाळ्यावर पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्या. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी लढा दिला आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याची रचना अशी: व्यापारी आणि कामगारांच्या टोळ्या, दोघांची नोंद एका मंडळाकडे. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. व्यापारी हमाली मंडळाकडे भरतो, वर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे कामगारांच्या सवलतींसाठीची वेगळी रक्कम, भरतो. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी. मालक रोज बदलला तरी हक्क बदलत नाहीत, कारण ते मंडळाकडे जमा असतात. पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसाला म्हातारपणी हातात रक्कम मिळाली, ती या रचनेमुळे. माथाडीच्या नावावर काही टोळ्या खंडणी गोळा करतात, ही कीड आहे आणि ती ठेचलीच पाहिजे, पण त्यासाठी कायदा मोडीत काढायला मी तयार नाही.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हेच काम केलं. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करायचं काम घेतलं.

आज ॲपवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाची अवस्था त्या हमालासारखीच आहे. कंपनी त्याला भागीदार म्हणते, दर मात्र एकतर्फी बदलते. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २% रक्कम निधीत द्यायची तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला, नंतर कर्नाटकनेही. महाराष्ट्राला तर नमुना बाहेरून आणायचीही गरज नाही. ऑर्डरमागे लेव्ही आणि तिघांचं मंडळ, एवढं केलं तरी त्या मुलाचा अपघात झाला की घरच्यांना उधारी मागत फिरावं लागणार नाही.

कंपनी जगभर पसरलेली असेल तर एका गावच्या युनियनने काय होणार?

एकटीने थोडं होतं, साखळीने बरंच होतं. स्वीडनमध्ये कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच नाही, तिथे सामूहिक करार चालतात आणि दहापैकी नऊ कामगार त्यांच्या कक्षेत येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये टेस्लाने असा करार करायला नकार दिला म्हणून तिथल्या मेकॅनिकांनी संप पुकारला. मग गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या उतरवायचं थांबवलं, टपालवाल्यांनी नंबरप्लेट पोचवायचं थांबवलं, शेजारच्या डेन्मार्कमधले गोदी कामगारही सामील झाले. आपल्याकडे अशी साथ द्यायची म्हटली तर कायदा आडवा येतो.

दुसरं उदाहरण जड मनाने द्यावं लागतं. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त कपडा कामगार गेले. भिंतींना भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या, तरी त्यांना आत पाठवलं गेलं. त्यानंतर जागतिक कामगार संघटनांनी परदेशी ब्रँडना कायदेशीर बंधनकारक करारावर सह्या करायला लावल्या. दोनशेच्या आसपास ब्रँड त्यात आले, इमारतींची तपासणी आणि दुरुस्ती झाली. आधी हे ब्रँड म्हणत होते की कारखाना आमचा नाही. माल ज्याच्या नावाने विकला जातो त्याच्याशीच करार करायचा, हा धडा पार्ट बनवणाऱ्या चाकणलाही लागू आहे.

आणि जवळचं: २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यात ३७ दिवस संप झाला. त्यातला मुख्य तंटा आमची युनियन माना, एवढाच होता. जानेवारी २०२५ मध्ये तिची नोंदणी झाली.

आयटीवाल्यांना युनियन करता येते का?

येते. कोडिंग करणारा, चाचणी करणारा, सपोर्टवाला, ज्याच्या हाताखाली खरोखर माणसं आणि निर्णयाचे अधिकार नाहीत, तो नुसत्या ‘मॅनेजर’ या पदनामामुळे कायद्याबाहेर जात नाही. हिंजवडीतली मुलं रात्री अकराला राजीनामा द्यायला लावला म्हणून फोन करतात, तेव्हा मी एकच विचारतो, तुमच्या टीममधल्या किती जणांना हे माहीत आहे? बहुतेकदा उत्तर येतं, कुणालाच नाही.

आमच्या कंपनीत युनियन नाही. सुरुवात कुठून करू?

गेटवर झेंडा लावून करू नका. सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी खोलीवर पाच-सहा जण बसा, आणि प्रत्येकाने आपली पगाराची स्लिप आणा. बेसिक किती, ओव्हरटाइम दुप्पट दराने लागतो का, पी.एफ. कशावर कापला जातो, हे एका वहीत शेजारी शेजारी लिहा. नोंदणीसाठी किमान सात जण, आणि एकूण कामगारांच्या १०% किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागतात. तेवढे होईपर्यंत बोलणं बाहेर जाऊ देऊ नका. सभासद अर्ज, वर्गणीची पावती, बैठकीचं इतिवृत्त पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. युनियनमध्ये गेला म्हणून कामगाराला काढणं ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे, पण ती सिद्ध करायला कागद लागतो.

आणि त्या पहिल्या बैठकीला ठेकेदाराकडच्या एका तरी मुलाला बोलवा. तो घाबरेल, येणार नाही म्हणेल. त्याच्या खोलीवर जाऊन त्याला घेऊन या. त्याची स्लिप वहीच्या पहिल्या पानावर उतरवा.